पुण्याजवळची मिक्स एमटीबी (माउंटन बाइक) राइड : भाड्याची सायकल सुमार, राइड मात्र एक नंबर

आधी निकाल सांगून टाकते, ज्यांना एवढं वाचायचा कंटाळा आहे त्यांनी इथूनच वळा. राइड ५ पैकी साडेचार. गाइड ५ पैकी ५, जमलं असतं तर ६ दिले असते. भाड्याची सायकल ५ पैकी २, आणि तो दुसरा पॉइंट पण सीट मऊ होती म्हणून.

तर पुण्यात एक सायकल वर्कशॉप आहे, ते थंडीच्या सीझनला रविवारी बोपदेव घाट आणि कानिफनाथच्या भागात ग्रुप राइड काढतात. नाव इथे टाकत नाहीये कारण खाली तक्रारी पण बऱ्याच आहेत आणि माणसं मनाने चांगली आहेत, उगाच कुणाच्या पोटावर पाय नको. या राइडचं वेगळेपण असं की त्यात मुद्दाम वेगवेगळ्या प्रकारची माणसं घेतात. म्हणजे एक्ससी वाले, डाउनहिल वाले, डर्ट जंप करणारी पोरं, आमच्यासारखे डोंगरातल्या पायवाटांवर फिरणारे साधे ट्रेल वाले, आणि ज्यांनी आयुष्यात फक्त डांबरी रस्ताच बघितलाय असे बीआरएम वाले (ठरलेल्या वेळेत लांबलांबची अंतरं कापणारे) सुद्धा. कोण कसं ते खाली सांगते. फी दीड हजार, त्यात गाइड, टेम्पो आणि नाश्ता. सायकल त्यांची हवी असेल तर वर आठशे. माझी स्वतःची ट्रेल बाइक आहे, १३० एमएम सस्पेन्शनची (म्हणजे धक्का बसला की तेवढं दबणारं), पण आतेभाऊ नाशिकहून आला होता त्याला भाड्याची घेतली, म्हणून दोन्ही गोष्टींबद्दल लिहिता येतंय.

ज्यांना या जगाची सवय नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते कारण नाहीतर पुढची गंमत कळणार नाही. बाहेरून सगळे ‘माउंटन बाइकवाले’ असले तरी आतमध्ये जाती-पोटजाती आहेत आणि एकमेकांना नावं ठेवणं हा आवडता उद्योग. एक्ससी म्हणजे क्रॉस कंट्री, सायकल हलकी, पुढे १०० ते १२० एमएम सस्पेन्शन, माणूस पण हलका, टाइट कपडे, चढावर घोड्यासारखा पळणार. डाउनहिल म्हणजे २०० एमएमचं अवजड धूड, फुल फेस हेल्मेट, गुडघ्या-कोपराला चिलखत, आणि वर चढायचं म्हटलं की ‘गाडी कुठंय?’ एन्ड्युरो त्या दोघांच्या मधला, १५०-१७० एमएम, चढतो पण रडत रडत. डर्ट जंपची सायकल २६ इंची, एक गिअर, सीट पार खाली, तिच्यावर बसून पेडल मारायला गेलात तर गुडघा कानाला लागतो. एक्ससी वाले म्हणणार डाउनहिल वाले आळशी आहेत, डाउनहिल वाले म्हणणार एक्ससी वाल्यांना सायकल चालवता येत नाही फक्त दम आहे, आणि दोघं मिळून रोड वाल्यांवर हसणार. बीआरएम वाले काही बोलत नाहीत, ते फक्त विचारतात एकूण किलोमीटर किती.

असे साधारण बारा-तेरा जण आम्ही येवलेवाडीच्या पुढे घाटाच्या पायथ्याशी पहाटे जमलो. जमलो म्हणजे आम्ही जमलो, टेम्पो काही जमेना. सहाची वेळ दिलेली, छोटा हत्ती आला पावणेसातला, ड्रायव्हर दादा म्हणाले डिझेल भरायला थांबलो होतो. अहो पण डिझेल काय आदल्या दिवशी मिळत नाही का? डिसेंबरची थंडी, सगळे हात चोळत उभे, आणि त्या पाऊण तासात कोण कुठल्या गटातलं ते बरोबर दिसत होतं. एक्ससी वाली दोघं उभ्या उभ्या स्ट्रेचिंग करतायत, डाउनहिल वाला मुलगा रस्त्याकडेच्या कट्ट्यावर चक्क झोपलाय, जंपवाली दोन पोरं फुटपाथवरून सायकल उडवतायत, आणि बीआरएम वाले काका, वय असेल पंचावन्न-साठ, शांतपणे डब्यातून खजूर काढून खातायत. कुणी कुणाशी बोलत नव्हतं.

टेम्पो आल्यावर भावाची सायकल उतरवली. ब्रँडचं नाव घेत नाही, सायकल मुळात वाईट नव्हती, साधी ॲल्युमिनियमची हार्डटेल (मागे सस्पेन्शन नसलेली), पुढे १०० एमएमचा फोर्क, हायड्रॉलिक ब्रेक. पण ठेवलेली कशी! मागच्या डीरेलरचा (गिअर बदलणाऱ्या भागाचा) हँगर, म्हणजे तो जिथे लटकतो ती पट्टी, आत वाकलेला, मागून बघितलं तरी डोळ्याला दिसत होतं, त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या गिअरवर चेन उडी मारायची. चेनवर तेलाचा थर आणि तेलावर मातीचा थर. मागचा ब्रेक लिव्हर पार ग्रिपला टेकत होता, म्हणजे कुणी तरी हवा काढायचीच राहिलेली. वर्कशॉप चालवणाऱ्यांनी अशी सायकल आठशे रुपयाला द्यावी हे मला अजिबात पटलं नाही आणि मी ते तिथेच सांगितलं. गाइड पोरगा बिचारा ओशाळला, टूलबॉक्स काढून हँगर तिथल्या तिथे सरळ केला, ब्रेक बदलता येणार नव्हता म्हणून स्वतःची सायकल भावाला दिली आणि ती भंगार स्वतः घेतली. दिवसभर तीच चालवली, ती पण आमच्यापेक्षा भारी चालवली, ही गोष्ट वेगळी.

या गाइडबद्दल जरा सविस्तर लिहिते कारण माझ्या मते पैसे द्यायचे तर यासाठी. निघायच्या आधी त्याने प्रत्येकाची सायकल हातात घेऊन तपासली, वरवर नाही, नीट. प्रत्येकाला सीटवर बसवलं, फोर्कच्या नळीवर जी रबरी रिंग असते ती खाली सरकवली, अलगद उतरायला सांगितलं, आणि रिंग किती वर राहिली ते बोटाने मोजलं. ट्रेलच्या सायकलला साधारण वीस ते तीस टक्के दबलं पाहिजे. माझा फोर्क दहा टक्के सुद्धा दबत नव्हता, मी वर्षभर ‘माझा फोर्क जरा कडकच आहे’ म्हणत फिरत होते, त्याने पंपाने हवा काढली आणि पुढे दिवसभर मला वाटत राहिलं की सायकल कुणीतरी बदलून दिलीय.

मग काकांची पाळी. काकांनी टायरमध्ये ५० पीएसआय हवा भरून आणलेली, रोडच्या सवयीने, वर अभिमानाने दाबून पण दाखवलं, बघ दगड आहे दगड. गाइड म्हणाला काका, आज सगळीकडे दगडच आहेत, टायर तरी मऊ ठेवू. काका ऐकेनात, म्हणे पंक्चर होतं कमी हवेवर, ट्यूब चिमटते. मुद्दा चूक नाही, ट्यूब असेल तर खरंच चिमटते. शेवटी मांडवली झाली ३२ वर. आणि एक्ससी वाल्या मुलीने तिचं ट्यूबलेस २० वर आहे हे सांगितल्यावर काकांनी तिच्याकडे असं बघितलं की ही मुलगी हेल्मेट न घालता विमान चालवतेय.

ब्रेकचा प्रकार पण तेव्हाच झाला. आपल्याकडे काही सायकलींना पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो, मोटरसायकलसारखा, आणि काहींना डावीकडे, सायकल कुठून आली आणि कुणी जोडली त्यावर. एकट्याने चालवताना फरक पडत नाही, हाताला सवय झालेली असते. पण या राइडमध्ये पुढे सायकली अदलाबदल करतात, आणि तिथे उतारावर मागचा समजून पुढचा दाबला तर माणूस हँडलवरून सरळ सासवडला. म्हणून त्याने पांढरी चिकटपट्टी आणलेली, ज्यांचा पुढचा ब्रेक डावीकडे आहे त्यांच्या लिव्हरला ती गुंडाळली. इतकी साधी गोष्ट, पण मी आजवर कुठल्याच ग्रुप राइडला बघितली नव्हती.

आता राइड. बोपदेव घाट पुण्यातल्या सायकलवाल्यांना नवीन नाही, सकाळी सकाळी रोडवाले तिथे रेपिटेशन मारत असतात, म्हणजे तोच चढ परत परत. टेम्पो फक्त जड सायकली आणि जंपवाल्या पोरांसाठी, बाकी सगळ्यांनी चढायचं, आणि डाउनहिल वाल्याला पण शेवटचा टप्पा पेडल मारायलाच लावला, त्याच्याकडे त्या दिवशी १६० एमएमची एन्ड्युरो होती, वजन १५-१६ किलो सहज. आणि इथे यांचा पहिला नियम : चढावर जो सगळ्यात फास्ट तो सगळ्यात मागे. म्हणजे ती एक्ससी वाली मुलगी, जी हा घाट गाणं म्हणत चढली असती, तिला शेवटच्या माणसासोबत राहायचं. पहिल्या वळणाला तिचं तोंड बघण्यासारखं होतं. शेवटचा कोण, तर अर्थात डाउनहिल वाला. दोन वळणं कुणी काही बोललं नाही. मग तिने त्याला सांगायला सुरुवात केली, अरे एवढा जोर लावून नको, गिअर हलका कर, पाय भरभर फिरव, सीट वर घे, तुझी सीट खाली राहिलीय. त्याची ड्रॉपर पोस्ट (बटणाने खालीवर होणारी सीटची दांडी) खालीच राहिलेली! बटण दाबून सीट वर घेतली आणि पठ्ठ्या म्हणतो, च्यायला, चढ असा असतो होय. वर पोचेपर्यंत दोघांच्या गप्पांची गाडी शिक्रापूरच्या मिसळीपर्यंत गेली होती.

घाट संपल्यावर कानिफनाथकडे वळलो, वर मंदिरापर्यंत. तिथून हवा स्वच्छ असेल तर पुरंदर आणि वज्रगड समोर दिसतात, त्या दिवशी दिसले. कानिफनाथच्या गाभाऱ्यात जायला एवढीशी खिडकीसारखी जागा आहे, आडवं पडून सरपटत आत शिरावं लागतं. मी बाहेर सायकली राखत बसले. डाउनहिल वाला, खांदे म्हणजे कपाटाएवढे, त्यात अडकेल असं सगळ्यांना वाटत होतं आणि एक्ससी वाल्या दुसऱ्या मुलाने पैज पण लावली, पण हा सराईतपणे एक खांदा आधी घालून तिरका होऊन आत गेला आणि काका मात्र, सडपातळ माणूस, मध्येच हसायला लागल्यामुळे अडकले. चहाला सगळे एका ठिकाणी बसले ते त्याच्यानंतर.

आणि चहावर तो वाद निघाला जो निघणारच होता, खरी माउंटन बायकिंग कुठली. एक्ससी वाली म्हणाली ऑलिम्पिकमध्ये कोण आहे? क्रॉस कंट्री. १९९६ पासून, अटलांटापासून. डाउनहिल अजून बाहेरच. ही २०२३ मध्ये केरळात पोनमुडीला आशियाई स्पर्धा झाल्या तेव्हा मुद्दाम रजा टाकून बघायला गेलेली, त्यामुळे बोलायला जोर होता. डाउनहिल वाला म्हणाला पहिली अधिकृत वर्ल्ड चॅम्पियनशिप १९९० ला अमेरिकेत ड्युरँगोला झाली त्यात दोन्ही होतं, त्यामुळे मोठी बहीण-धाकटी बहीण करू नको, आणि मुळात हा खेळ सुरू कुठून झाला? उतारावरून. मग त्याने रिपॅकची गोष्ट सांगितली. कॅलिफोर्नियात मरिन काउंटीला १९७६ मध्ये काही पोरं जुन्या जाड टायरच्या सायकली घेऊन डोंगरावरून शर्यत लावायची, ब्रेक मागच्या हबमध्ये, पेडल उलटं दाबलं की लागणारा, आणि तो उतरता उतरता इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा, खाली आल्यावर परत ग्रीस भरायला लागायचं, म्हणून नाव रिपॅक. पण त्यातले बरेच जण रोड रेसर होते, हे काकांनी मध्येच सांगितलं. आम्ही सगळे बघतच राहिलो. काकांना माहीत होतं! म्हणे निवृत्तीनंतर रात्री झोप येत नाही, वाचत असतो.

गाइड तेवढ्यात म्हणाला की आज आपण जे करतोय ते एन्ड्युरोचं रूप आहे, चढ सगळ्यांनी गप्पा मारत, घड्याळ फक्त उताराला. एन्ड्युरो वर्ल्ड सिरीज २०१३ ला सुरू झाली ती याच धर्तीवर. फरक एवढाच की यांच्या राइडमध्ये उताराला पण घड्याळ नाही. मला वाटतं हीच त्यांची खरी हुशारी आहे. घड्याळ लावलं असतं तर चढावर एक्ससी वाले आणि उतारावर डाउनहिल वाले निघून गेले असते आणि बाकीचे आम्ही मध्ये कुठेतरी धूळ खात.

उताराचा नियम उलटा. जो सगळ्यात फास्ट तो पुढे जातो, पण अवघड जागा आली की तिथे थांबतो, आणि बाकीचे एकेक करून येईपर्यंत तिथेच उभा राहून लाइन, म्हणजे चाक नेमकं कुठून न्यायचं ते, सांगतो. कानिफनाथवरून खाली बोपगावच्या अंगाला एक वाट आहे, पावसाने मधोमध ओघळ पाडलेला, दोन्ही बाजूला सुटा मुरूम, आणि एका वळणावर गुडघाभर उंचीची काळ्या दगडाची पायरी. पावसाळ्यात तिथे पाऊल ठेवू नये अशी. डाउनहिल वाला पायरीच्या खाली जाऊन उभा राहिला. आणि हा मुलगा, जो सकाळी कट्ट्यावर झोपला होता, काय शिकवतो राव! ओघळात बघू नका, जिथे बघाल तिथे जाल. कंबर मागे, पण हात सरळ करायचे नाहीत. पुढचा ब्रेक दगडाच्या आधी मारा, दगडावर सोडून द्या. एक्ससी वालीची सीट उंचच, तिच्या सायकलला ड्रॉपर नाही, वजन वाढतं म्हणून काढलेला. त्याने काही टोमणा न मारता ॲलन की काढली, सीट चार बोटं खाली केली आणि म्हणाला आता जा. ती गेली. मग परत वर आली आणि परत गेली. मग तिसऱ्यांदा जायला निघाली तेव्हा गाइडने घड्याळ दाखवलं.

काकांनी तिथे उतरून सायकल हातात धरून नेली आणि कुणी काही बोललं नाही. हे मी मुद्दाम लिहितेय. बऱ्याच ग्रुपमध्ये अशा ठिकाणी ‘अहो काका जमेल हो, चला’ असा जो आग्रह होतो ना, त्यातून हाडं मोडतात. इथे गाइडने सुरुवातीलाच सांगितलेलं, उतरून चालणं हा पण एक गिअर आहे.

माझा भाऊ त्या पायरीवर पडला. लागलं नाही फारसं, तळहात खरचटला आणि अहंकार. पण तेव्हा कळलं की फर्स्ट एड बॉक्समध्ये बँडेज होतं, डेटॉल होतं, आणि कात्री नव्हती. दात वापरले. दीड हजार घेताय तर दहा-वीस रुपयाची कात्री ठेवा की.

त्याच्या पुढे सपाटीला शेतांच्या कडेने बैलगाडीची वाट लागते आणि तिथे सायकली बदलायचा कार्यक्रम. यासाठीच बहुतेक लोक परत परत येतात असं गाइड म्हणाला आणि मला पटलं. एक्ससी वालीला एन्ड्युरो दिली, ती पहिल्या दगडाला सवयीने उठून उभी राहिली आणि सायकलने तो दगड परस्पर गिळून टाकला, हिला कळलंच नाही दगड कधी गेला. म्हणाली अगं हे तर चीटिंग आहे. डाउनहिल वाला तिच्या अकरा किलोच्या सायकलवर बसला आणि छोट्या चढावर एकदम सुसाट, वर जाऊन ओरडतो, ‘हिला मोटर कुठे लपवलीय?’ मग उताराला पण त्याच जोषात निघाला आणि पहिल्या दगडांच्या पट्ट्यात दात वाजले तेव्हा शहाणा झाला. सायकल परत देताना मात्र म्हणाला, ‘तू याच्यावरून ती पायरी उतरलीस? माझ्याने नसती झाली.’ एक्ससी वाल्यांना फक्त दम आहे म्हणणाऱ्या गटातलाच हा.

पण सगळ्यात भारी काका आणि जंपवाली पोरं. पोरं असतील सतरा-अठराची, राइडभर आपापसातच हळू आवाजात बोलत होती. काकांनी त्यातल्या एकाची जंप बाइक मागितली. तिला पुढचा ब्रेकच नाही! कलाबाजी करताना हँडल गोल फिरवायचं तर पुढची केबल आड येते, म्हणून बरेच जण फक्त मागचा ठेवतात. काकांनी बसल्या बसल्या दोन्ही हातांनी लिव्हर शोधले, एकच सापडला, आणि म्हणतात, ‘अरे ही अर्धीच विकत घेतली का रे?’ पोरं जी हसायला लागली ती शेवटपर्यंत काकांना सोडेनात. त्यांना एका उंचवट्यावरून सायकल कशी उचलायची ते शिकवलं, म्हणजे हाताने ओढायची नाही, आधी दाबायची, मग सोडायची, ती आपली आपण वर येते. काकांचं पुढचं चाक उचललं गेलं असेल वीतभर. काकांचा चेहरा असा की पीएफ दुप्पट झालाय.

आणि त्याची परतफेड लगेच झाली. बाभळीचा काटा. हा भाग बाभळींचा, गवताच्या कुसळांनी मोजे भरतात ते वेगळंच, घरी जाऊन तासभर उपटत बसायचं. एका पोराची ट्यूब गेली आणि त्याच वेळी एक्ससी वाल्या मुलाचं ट्यूबलेस टायर दगडाने बाजूने चिरलं, आतलं भोक बुजवणारं सीलंट फसफस बाहेर, रबरी प्लग घातला तरी राहीना, चीर बाजूच्या भिंतीला असल्यामुळे. सगळे हात कमरेवर. काका पुढे आले. बीआरएमचा नियमच असा की दोनशे किलोमीटर साडेतेरा तासात करायचे, आणि मधे कंट्रोल (नोंदीचे ठरलेले थांबे) सोडून कुणाची मदत घ्यायची नाही, जे काय करायचं ते स्वतः, रात्र असो पाऊस असो. त्यामुळे या माणसाच्या सीटखालच्या एवढ्याशा पिशवीत संसार होता. जुन्या टायरचा कापलेला तुकडा काढला, चिरेच्या आतून लावला, आत ट्यूब घातली, टायर हाताने चढवलं, टायर चढवायची पट्टी सुद्धा वापरली नाही, अंगठ्यांनी. मग पोराच्या टायरच्या आतून बोट हळूहळू फिरवून काट्याचं टोक शोधलं, ते नखाने निघेना तर पिशवीतून चिमटा निघाला. चिमटा! डाउनहिल वाला बाजूला उकिडवा बसून शाळेतल्या मुलासारखा बघत होता, म्हणाला काका तुमचा नंबर द्या, आम्ही एवढे पैसे घालतो सायकलवर, पंक्चर झालं की मित्राला फोन करतो.

मधे एक धनगराचा कळप आडवा आला. इथे गाइडला परत मार्क. लांबूनच हात वर करून सगळ्यांना थांबवलं, उतरवलं, कुत्रे भुंकायला लागले तर सायकल आपल्या आणि कुत्र्याच्या मध्ये धरा, पळू नका म्हणाला. मेंढपाळ मामांशी दोन शब्द बोलला, पाऊसपाण्याचं विचारलं, कळप पूर्ण गेल्यावरच पुढे निघालो. सगळे असं करत नाहीत. गावकऱ्यांच्या बांधावरून आपण फुकटात खेळतो, एवढं तरी हवंच.

नाश्ता सासवड रोडला एका साध्या हॉटेलात. पोहे ठीक, मिसळ तिखट जाळ, तर्री बघूनच भावाने (नाशिककर, मिसळीचा स्वयंघोषित न्यायाधीश) नाक मुरडलं आणि मग दोन प्लेट खाल्ल्या. चहा अनलिमिटेड. बाहेर अंजिराचे खोके घेऊन मावशी बसलेल्या, पुरंदरचं अंजीर, जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालेलं, हा त्याचाच हंगाम, सगळ्यांनी घेतले आणि तिथेच संपवले. सकाळी एकमेकांकडे पाठ करून उभी असलेली माणसं आता एका टेबलाला मावत नव्हती म्हणून दोन टेबलं जोडली. एक्ससी वालीने ड्रॉपर परत लावायचं ठरवलं, काका ट्यूबलेसबद्दल प्रश्न विचारून तिला भंडावत होते, आणि जंपवाल्या पोरांनी काकांना त्यांच्या मातीच्या उड्यांच्या जागी बोलावलं, फावडं घेऊन या म्हणाले.

आता राहिलेल्या तक्रारी. बायकांसाठी टॉयलेटची सोय म्हणजे ‘वर मंदिराजवळ आहे’ आणि मग थेट नाश्त्याच्या हॉटेलात. सहा-सात तासांच्या राइडला हे चालत नाही, आम्ही तिघीजणी होतो, पुढच्या वेळी टेम्पो मधल्या गावात दहा मिनिटं थांबवा, कुणाच्या तरी घरी विचारता येतं. दुसरं, एकाच गाइडवर बारा-तेरा माणसं जास्त होतात. हा पोरगा चांगला आहे म्हणून निभावलं, पण भाऊ पडला तेव्हा तो पुढे होता आणि यायला वेळ लागला. मागे एक माणूस पगारी ठेवा, दरवेळी नशिबाने एक्ससी वाली चांगली मुलगी मिळेलच असं नाही. तिसरं, फोटो. फोटो देऊ म्हणाले, आठवडा झाला अजून आलेले नाहीत. आणि भाड्याच्या सायकलचं वर लिहिलंच आहे. ते आठशे परत मागितले, मालकांनी हो-नाही न करता लगेच चारशे परत पाठवले आणि माफी पण मागितली, हे त्यांच्या बाजूने लिहिलं पाहिजे.

कुणी जावं? ज्यांना आपल्या सायकलवर आणि आपल्या गटावर फार गर्व आहे त्यांनी तर जावंच जावं. नवीन शिकणाऱ्यांनी पण जावं, पण निदान तासभर सलग चालवायची आणि ब्रेक मारायची सवय असू दे, ही पहिल्यांदा सायकल हातात घेण्याची जागा नाही. ज्यांना स्ट्राव्हावर (राइडची वेळ नोंदणारं ॲप) नंबर काढायचाय त्यांनी नका जाऊ, चिडचिड होईल, दर अर्ध्या तासाला थांबतात. शाळकरी मुलांना घेत नाहीत, सोळाच्या पुढे, आणि अठराच्या आतल्यांना पालकांची सही लागते.

बुकिंग फोनवर होतं, शुक्रवार संध्याकाळपर्यंत करा. जमलं तर स्वतःची किंवा मित्राची सायकल आणा, भाड्याचीच घ्यायची असेल तर शनिवारी वर्कशॉपला जाऊन स्वतः निवडा आणि मागचा ब्रेक दाबून बघा. ग्लोव्हज पूर्ण बोटांचे, दोन लिटर पाणी, जास्तीची ट्यूब, मोजे जुने घाला कारण कुसळं लागलेले परत वापरता येत नाहीत. आणि सहाची वेळ दिली तर साडेसहाला पोचा, टेम्पो तेव्हाही आलेला नसेल.